रशीदभाईंचे आठ आरसे

तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं तर मी "मोजते" एवढंच सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, काय मोजता? मी धातूच्या वस्तू मोजते. वस्तू ठरल्या मापाची झाली आहे की नाही ते सांगते, आणि बहुतेक वेळा ती झालेली नसते. त्यामुळे ज्यांनी ती घडवलेली असते त्यांना मी फारशी आवडत नाही. भोपाळच्या वीज-यंत्रांच्या मोठ्या कारखान्यात, तपासणी खात्यात, माझी सगळी नोकरी झाली. पेंडसेबाई येताना दिसल्या की टर्नर लोक चहाला निघून जात, असं माझ्या निरोप समारंभात एका साहेबांनी सांगितलं. ते कौतुकच असावं, असं मी धरून चालले आहे.

निवृत्त झाल्यावर मी घरी बसले आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. पोळ्या करणाऱ्या बाईंना मी एका कडेनं जाड, दुसऱ्या कडेनं पातळ असं दाखवायला लागले. त्या काम सोडायच्या बेताला आल्या तेव्हा आमच्या ह्यांनी स्वतः मुकुंद मुजुमदारला फोन केला आणि "हिला काहीतरी मोजायला दे" म्हणून विनवलं. मुकुंद आमच्या ओळखीतला, ग्वाल्हेरचा. गोविंदपुऱ्याकडे त्याचं वर्कशॉप आहे, आनंद नगरातल्या आमच्या घरापासून रिक्षानं जवळ. ग्वाल्हेरची मंडळी घरात मराठीच बोलतात, पण तिला हिंदीची फोडणी सढळ हातानं असते. तो मला म्हणाला, "काकू, तुम्ही येऊनच जा न. मापायची मशीन घेऊन ठेवली आहे, चालवणारा कोणी मिळून नाही राहिला."

मी गेले. थंड केलेल्या बंद खोलीत काळ्या दगडाचं भलंमोठं टेबल, त्यावर वरून उतरणारी एक सुई, आणि सुईच्या टोकाला माणकाचा मणी. तो मणी वस्तूला जिथे जिथे स्पर्श करेल तिथलं माप पडद्यावर उमटतं. दागिना म्हणून मला कधी माणकाची हौस नव्हती, पण हा मणी पाहून माझा जीव जडला.

तिथे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येत. जुन्या भोपाळातले एक हलवाई आपली जिलबीची कढई घेऊन आले होते. नव्या कढईत जिलबी एकाच बाजूला लाल होते, तेव्हा कढईत खोट आहे हे यंत्रावर दाखवून द्या म्हणजे विकणाऱ्याला धरता येईल, असा त्यांचा बेत. मी कढई मोजली. ती अगदी नेक निघाली. वाकडी होती ती त्यांची शेगडी. हे ऐकून ते इतके नाराज झाले की आणलेली जिलबी परत घेऊन जातात की काय अशी मला भीती वाटली. पण ठेवून गेले.

आणि मग एक दिवस डॉ. मीनाक्षी आल्या. दक्षिणेकडच्या, सुती साडी, पाठीवर सॅक, चालणं भरभर. त्यांना हिमालयापलीकडच्या एका उंच, उजाड डोंगराच्या माथ्यावर रेडिओ दुर्बीण उभारायची होती, आणि तिच्या तबकडीचे अॅल्युमिनियमचे पत्रे कुठे करून मिळतील याचा शोध चालला होता. मोठ्या कारखान्यांनी एवढ्याशा कामाकडे पाठ फिरवली होती. मुकुंदनं मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं, तो त्याचा स्वभावच आहे. नंतर माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काकू, होऊन जाईल न?"

हे काम काय होतं ते जरा सोपं करून सांगते. आकाशातून प्रकाश येतो तशाच रेडिओ लहरीही येतात. त्यांतल्या काही अगदी आखूड असतात, मोहरीच्या दाण्याएवढ्या. तारे जन्माला येण्याआधीचे जे गार, काळोखे ढग असतात, ते साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत, पण या मोहरीएवढ्या लहरींमधून दिसतात. अडचण एकच, हवेतली वाफ या लहरी पिऊन टाकते. आमचं भोपाळ तळ्यांचं गाव. श्रावणात डब्यातला पापडसुद्धा सादळतो, तिथे या लहरींचा काय टिकाव लागणार? म्हणून हवा विरळ आणि कोरडी असेल असा डोंगर गाठायचा. आणि लहर जितकी आखूड तितकी तबकडी नेमकी हवी. आमच्या पत्र्यांना केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकीही चूक चालणार नव्हती. रांगोळीच्या पाकळ्या मांडाव्यात तसे हे पत्रे एकाबाहेर एक कड्यांमध्ये बसवायचे आणि त्यांची मिळून एक प्रचंड तबकडी व्हायची. वर्कशॉपात तिचं नाव पहिल्याच आठवड्यात "छतरी" पडलं. आमच्या शेजारच्या चौबेभाभींनी मला विचारलं होतं की त्यावर सगळे चॅनल दिसतील का. मी नाही म्हटल्यावर एवढी मोठी छत्री कशाला, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

आता रशीदभाईंविषयी. रशीदभाई आमचे बफिंगवाले, म्हणजे धातूला फिरत्या कापडी चाकावर घासून झळाळी आणणारे. वय माझ्याएवढंच. राहायला अशोका गार्डनला. ओठांवर नेहमी भोपाळी थट्टा, आणि मालकालासुद्धा "खां" म्हणून हाक मारायची मुभा असलेले एकटेच. त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू ओळखू येत असे. शहरातल्या कितीतरी लग्नघरांतले चहाचे पितळी समोवार, दुकानांच्या पाट्यांवरची पितळी अक्षरं, एका जुन्या हवेलीच्या दाराच्या कड्या, ही सगळी त्यांची कामं. ते रस्त्यानं चालताना बोट दाखवून सांगत, हे आमचं, तेही आमचं. पण घासण्याची धूळ छातीत जाऊन बसली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवाळीनंतर हे काम बंद. म्हणजे छतरी हे त्यांचं शेवटचं मोठं काम होतं, आणि ते डोंगरावर जाणार ही गोष्ट त्यांनी सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवली होती.

पण गंमत अशी की छतरीत त्यांच्या वाट्याला फारसं काही आलंच नव्हतं. पत्र्यांच्या कडांची बोच काढायची, बस. पत्र्याच्या तोंडावर हात फिरवायचा नाही. मशीनच्या कटरनं उठलेल्या बारीक बारीक रेघा तशाच ठेवायच्या, असं नकाशावर एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं. त्यामागचं कारण ना कुणी सांगितलं, ना कुणी विचारलं. रशीदभाईंना ते खटकत होतं. "दुल्हन को बिना उबटन के विदा कर रहे हो, खां," असं ते मुकुंदला जाता-येता ऐकवत.

आमच्या वर्कशॉपात यंत्रांची पूजा वर्षातून दोनदा होते. हिंदीभाषक मंडळींची विश्वकर्मा पूजा, आणि मुकुंदच्या घरची खंडेनवमी. दोन्हींचा प्रसाद सगळे खातात, त्यामुळे वाद नाही. खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून, तेल लावून मांडायची आणि त्यांची पूजा करायची, आणि ही घासपूस सगळ्यात मन लावून कोण करत असेल तर रशीदभाई. त्या वर्षी अष्टमीला मी इंदूरला बहिणीकडे महालक्ष्मीपुढे घागर फुंकायला गेले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डॉ. मीनाक्षी पत्रे तपासायला येणार होत्या. मुकुंद सगळ्यांना म्हणाला, पाहुणे येणार आहेत, सगळं चमकवून टाका. त्याच्या मनात लादी आणि खिडक्या होत्या. रशीदभाईंच्या मनात काय होतं ते मी परत आल्यावर दिसलं.

मधल्या कड्यातले शेवटचे आठ पत्रे तयार होऊन भिंतीशी उभे होते. त्या आठही पत्र्यांत मला माझी इंदुरी साडी निरीपर्यंत दिसली. प्रत्येकावर वरच्या कडेला एकेक कुंकवाचं बोट, खाली झेंडूचं फूल. मी आयुष्यात असे देखणे पत्रे पाहिले नव्हते. रशीदभाई शेजारी उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी काही बोलायच्या आत मागून डॉ. मीनाक्षी आल्या. त्या आरशांसमोर थांबल्या, त्यांचा हात आपसूक केसांकडे गेला, आणि मग चेहरा उतरत गेला. कुंकवाचा नुसता ठिपकासुद्धा आम्हाला माफ असलेल्या चुकीपेक्षा जाड होता, पण तो पुसता आला असता. चमक पुसायची कशी?

त्यांनी तिथेच उभं राहून समजावून सांगितलं. ही दुर्बीण दिवसाही चालते. कधी सूर्याजवळून फिरते, कधी थेट सूर्याकडेच बघते. तबकडी तिच्यावर पडेल ते सगळं एका ठिकाणी गोळा करते. ती चकचकीत असली तर लहरींबरोबर ऊनही गोळा करेल आणि समोर टांगलेला छोटा आरसा, दुर्बिणीतली यंत्रं, सगळं जाळून टाकेल. म्हणून त्या रेघा ठेवायच्या. उन्हाला त्या रेघा अडखळवतात आणि ते चहूकडे विखुरतं. मोहरीएवढ्या लहरींना मात्र त्या रेघांचा पत्ताही लागत नाही. वाटेतला खडा मुंगीला आडवा येतो, बैलगाडीला कळतही नाही, तसं.

मुकुंदला हे काही पटलं नाही. एवढ्याशा पत्र्यानं काय जळणार, मॅडम, असं म्हणत त्यानं एक पत्रा चौघांकडून अंगणात आणवला आणि भिंतीला टेकवून उन्हात उभा केला. सकाळचं कोवळं ऊन होतं. पत्रा उजळला. आम्ही सगळे पाहत राहिलो, काहीच झालं नाही, आणि मुकुंदच्या चेहऱ्यावर विजय दिसायला लागला. मग कसला तरी वास आला. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मुकुंदची स्कूटर उभी होती. तिच्या काळ्या सीटवर बशीएवढा एक लख्ख ठिपका पडला होता आणि त्यातून धूर निघत होता. कुणीतरी पूजेच्या कलशातलं पाणी ओतलं. सीटला आरपार भोक पडलं होतं. मुकुंदनं त्या भोकात बोट घालून पाहिलं, मग म्हणाला, "बरं, समजून गेलं."

सगळे हसले, मीही हसले. रशीदभाई हसले नाहीत. त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि ते निघून गेले.

आता अडचण काय होती ते ऐका. डोंगराकडे जाणारी वाट एका खिंडीतून जाते आणि बर्फ पडलं की ती बंद होते. त्याआधी ट्रक पोचला नाही तर मधल्या कड्यातल्या आठ जागा रिकाम्या राहणार, आणि हिवाळ्यातली सगळ्यात कोरडी हवा, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती फुकट जाणार. नवे पत्रे करायला वेळ नव्हता. मुकुंदनं रंग मारायचं सुचवलं, पण रंगाचा थर त्या आखूड लहरी खातो आणि सगळीकडे सारखाही बसत नाही. बारीक छर्रे मारून खरबरीत करावं, तर माऱ्यानं पत्रा फुगतो आणि आकार बिघडतो. डॉ. मीनाक्षी म्हणाल्या, एक उपाय आहे, कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवायचं. सोडा अॅल्युमिनियमला वरवर, सगळीकडे सारखा खातो आणि चमक जाऊन पांढुरका धुरकटपणा येतो. पण त्यासाठी आधी पत्र्याचा आकार शाबूत असायला हवा. हातानं घासलेल्या पत्र्याचा आकार शाबूत असतो का? त्या माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांना उत्तराची आशा नव्हती. मलाही नव्हती. हातानं घासायचं म्हणजे इथे दोन घास जास्त, तिथे दोन कमी, हे होणारच.

मी आठही पत्रे एकेक करून मोजायला घेतले. पहिल्याचे आकडे पाहून मला वाटलं, यंत्र बिघडलं. मणी पुसला, आणखी दोनदा मोजलं. मग दुसरा घेतला. शेवटचा होईपर्यंत मी खुर्चीत टेकून बसले होते आणि मला कुणाशी तरी भांडावंसं वाटत होतं, इतकी मी खूश होते.

रशीदभाई दुसऱ्या दिवशीही कामावर आले नाहीत. फोन उचलत नव्हते. मी रिक्षा करून अशोका गार्डनला गेले. रेल्वे लाइनच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, मला आत बसवलं, चहा आणला. रशीदभाई समोर बसले, पण नजर खाली. त्यांनी आपली घासायची कापडी चाकं पोत्यात भरून दाराशी ठेवली होती. मोहल्ल्यात आता काय सांगायचं, एवढंच त्यांनी भाभींना विचारलं होतं म्हणे, आणि रात्री जेवले नव्हते.

"बाईसाब, चमक तो हमारा ईमान है," ते शेवटी म्हणाले. "जिंदगीभर यही किया. और आखिर में पता चला कि चमक ही ऐब है."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगितलं की मी गोड बोलणारी बाई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही न विचारता केलंत ते चुकलंच. पण हे आठ पत्रे दुसऱ्या कुणी घासले असते तर आज भंगारात असते. मी ते मोजलेत, आणि त्यांचा आकार जागचा हललेला नाही. म्हणून ते वाचवता येतील, आणि वाचतील ते फक्त तुमच्या हातामुळे.

त्यांनी मान वर केली. "कितना फर्क आया?"

"कुछ नहीं आया."

"आपने ठीक से नापा?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, विचारायची हिंमतच केली नव्हती. एरवी मी रागावले असते. मी म्हटलं, प्रत्येक पत्रा दोनदा, आणि पहिला तीनदा, कारण माझा विश्वास बसेना. तेव्हा ते जरासे हसले, आणि भाभींना म्हणाले की चहा गार झाला, दुसरा टाका, बाईसाहेबांनी चांगली बातमी सगळ्यात शेवटी सांगितली.

पत्रे बुडवायला टाकी मिळाली ती गोविंदपुऱ्यातच, अॅल्युमिनियमवर रंग चढवणाऱ्या एका शेजारच्या कारखान्यात. मागची बाजू सोड्यानं खाल्ली जाऊ नये म्हणून तिच्यावर मेणाचा लेप द्यायचा होता. रशीदभाई म्हणाले, तो मी देणार. मी म्हटलं, लेप द्या, पण टाकीजवळ यायचं नाही, त्या वाफा तुमच्या छातीला चालायच्या नाहीत. आमचं यावर चांगलं भांडण झालं. शेवटी ते तोंडाला ओला रुमाल बांधून दारात खुर्ची टाकून बसले, आणि मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला शेजारी उभी राहिले. आधी एक नापास झालेला पत्रा बुडवून पाहिला, तो ठीक निघाला. मग त्यांचा पहिला. टाकीतून तो वर आला तेव्हा काळपट झाला होता. दुसऱ्या टाकीत धुतल्यावर काळं गेलं आणि उरला एक फिका, पांढुरका, मुका पत्रा. त्यात कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. रशीदभाईंनी तो पाहिला आणि रुमालाआडून म्हणाले, "जैसे हमाम की भाप में चश्मा." सगळे हसले, या वेळी तेही. पण आठवा पत्रा आत जाताना ते उठून बाहेर गेले. मी मागे गेले नाही. कामाचा माणूस एकटा उभा असला की त्याला उभा राहू द्यावा.

मी सगळे पत्रे पुन्हा मोजले, सगळे पास झाले. पेटीबंद होऊन ट्रक निघाला. खिंड बंद व्हायच्या आत तो पार झाला, असा डॉ. मीनाक्षींचा निरोप आला तेव्हा दिवाळीचा फराळ चालू होता, आणि मुकुंदनं नव्या सीटच्या स्कूटरवरून सगळ्यांच्या घरी लाडू वाटले. रशीदभाईंचं काम त्याच दिवाळीला थांबलं.

हिवाळाभर छतरी चालली, आणि पुढल्या उन्हाळ्यात तिची जुळणी पुन्हा तपासायला मला डोंगरावर बोलावलं. प्रत्येक पत्र्याच्या मागे स्क्रू असतात. ते पिळून पत्रे वर-खाली करायचे आणि सगळी तबकडी एकसंध आणायची. रशीदभाईंना बरोबर नेता आलं असतं तर मी त्यांचं सामानही उचललं असतं. पण त्या उंचीवर धडधाकट माणसाला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, त्यांच्या छातीला ते झेपणारं नव्हतं. ही माझी एक खंत आहे आणि ती राहणार. निघताना त्यांनी एकच काम सांगितलं, आमच्या आठांचा फोटो आणा.

डोंगराचं वर्णन मी करत नाही. तिथे झाड नाही, पाखरू नाही, आणि हवा इतकी कोरडी की माझ्या टाचांच्या भेगांचे नवे नकाशे तयार झाले. यंत्राच्या खोलीत डॉ. मीनाक्षींनी मला दुर्बिणीच्या तोंडाशी, म्हणजे जिथून लहरी आत शिरतात तिथे, हात धरायला सांगितलं. पडद्यावरची रेघ टणकन उडाली. त्या म्हणाल्या, जे जे ऊबदार असतं ते सगळं या लहरींमध्ये चमकतं, तुम्हीही. या वयात मला असं सांगणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. मी लगेच दुसरा हात धरून पाहिला, तोही चमकला.

मग आजवर राखून ठेवलेली सूर्याची परीक्षा आली. भर दुपारी छतरी वळवून थेट सूर्याकडे केली. समोरच्या छोट्या आरशाचं तापमान पडद्यावर दिसत होतं. ते थोडं चढलं आणि स्थिर झालं. जळालं काही नाही. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. छतरी पुन्हा खाली वळवल्यावर मी फोन घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. मधलं कडं तर दिसत होतं, पण त्यातले रशीदभाईंचे पत्रे कोणते? त्या कड्यात आणखीही पत्रे होते, रेघांचे. सोड्यातून निघालेले जरा जास्त पांढरे दिसतील असा माझा अंदाज होता. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मान आखडली. क्रमांक पत्र्यांच्या पाठीवर, आणि स्क्रूंची टोकं सोडली तर पाठ आता पोलादी सांगाड्याआड गेलेली. ज्या बाईनं जन्मभर केसाच्या चौथ्या हिश्श्याच्या चुका पकडल्या तिला फरक सापडेना. शेवटी मी सगळ्या छतरीचा एकच फोटो काढला.

परतीच्या गाडीत मी बरीच अस्वस्थ होते. कोणतेही आठ दाखवून टाकावेत, त्यांना कोण तपासणार, असंही मनात आलं. पण खोटं माप मी कधी सांगितलेलं नाही, आणि ज्या माणसानं मला "ठीक से नापा?" असं विचारलं होतं, त्याला तर मुळीच सांगवलं नसतं.

अशोका गार्डनला गेले तेव्हा रशीदभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते. बारीक झाले होते. भाभी शेजारी होत्या. मी फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"इनमें हमारे कौन से हैं, बाईसाब?"

मी म्हटलं, "पता नहीं, रशीदभाई. बहुत ढूंढा. नहीं मिले."

भाभी माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा मान खाली घालणार.

"आपको नहीं मिले?" त्यांनी विचारलं.

"नहीं."

"आपको?"

"मुझको."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, भाभींनी पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा हसले. डोळे पुसले, फोटोतल्या त्या पांढुरक्या तबकडीवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फिर तो पूरी छतरी हमारी हुई."

आणि पलंगावरून उठून, भिंत धरत धरत, ते खिडकीशी गेले आणि गल्लीतल्या लोकांना हाका मारून मारून फोटो दाखवू लागले. डोंगरावरची ही सगळी छतरी आपण केली, असं त्यांनी माझ्यादेखत चार जणांना सांगितलं. हिशेब चुकीचा होता. बाकीचे पत्रे कोणी केले, किती केले, हे मला तोंडपाठ होतं. चौघांनीही खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं, आणि तपासणी खात्यातल्या पेंडसेबाईंनी ते माप पास केलं.